उघड्या खिडकीचं माप

लहान स्पीकरचं सगळं शास्त्र एका तडजोडीभोवती फिरतं. पेटी लहान हवी, तिच्यातून खर्ज खोलवर उतरायला हवा आणि थोड्या विजेत मोठा आवाज निघायला हवा. या तीन इच्छा निसर्ग एकदम पुऱ्या करत नाही. दोन घ्याव्यात, तिसरीवर पाणी सोडावं. अमेरिकेतल्या केएलएच कंपनीचे एक संस्थापक जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. कंपनीच्या नावातला शेवटचा ‘एच’ त्यांचाच. अभियंत्याला तो हवेच्या आकारमानाचा आणि पडद्याच्या हालचालीचा हिशोब वाटतो. ऐकणाऱ्यापुढे मात्र तो एक प्रश्न ठेवतो: यातल्या कशावाचून तुझं चालेल? त्याचं उत्तर माणसाच्या आवडीवर जितकं, तितकंच त्याच्या राहत्या जागेवर अवलंबून असतं. अहेरीसारख्या ठिकाणी मोठ्या आवाजावाचून चालतं. नुसतं चालतं असं नाही, त्याच्यावाचून ऐकणं अधिक भरीव होतं. असं का, याचा मी बराच विचार केला आहे.

प्राणहितेच्या काठचं अहेरी चहूकडून जंगलाने वेढलेलं आहे. जवळच आलापल्ली, तिथून भामरागडकडे आणि सिरोंच्याकडे फुटणारे रस्ते, नदीपलीकडे तेलंगणा. बाजाराच्या दिवशी एकाच दुकानाच्या पायरीवर मराठी, तेलुगू आणि माडिया कानावर पडतात. नागपूर तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि हैदराबादही जवळ नाही. चांगले बुकशेल्फ स्पीकर निवांतपणे ऐकवणारं दुकान गाठायचं म्हणजे एक पूर्ण दिवस प्रवासात घालवायचा. तिथे जी खोली असते तिच्यात जाड गालिचा, भिंतींना कापडी फळ्या, एसीची बारीक घरघर आणि शेजारी अदबीने उभा राहिलेला विक्रेता. तासाभरात पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा निर्णय घ्यायचा. आपल्याला वाटतं आपण स्पीकर ऐकला. खरं तर त्या खोलीत बसलेला स्पीकर ऐकलेला असतो. घरी येते ती फक्त पेटी. गालिचा, कापडी फळ्या आणि त्या खोलीचे कोपरे दुकानातच राहतात.

पेटी आणि खोली यांचं नातं किती जवळचं आहे, हे बीबीसीच्या एका लहान स्पीकरच्या जन्मकथेत दिसतं. नवा स्टुडिओ बांधण्यापूर्वी त्यात आवाज कसा वागेल हे आधी कळावं, म्हणून बीबीसीचा संशोधन विभाग स्टुडिओची एक-अष्टमांश आकाराची प्रतिकृती उभारून तिच्यात ध्वनीची चाचणी घेत असे. त्या खेळण्याएवढ्या खोलीत वाजवायला अगदी लहान स्पीकर लागला. तो तयार झाल्यावर लक्षात आलं, की साध्या ऐकण्यालाही तो फार चांगला आहे. पुढे त्याला सुधारून एलएस३/५ए हे नाव मिळालं आणि बाहेरच्या प्रक्षेपणासाठी फिरणाऱ्या गाड्यांमध्ये तो बसला. गाडीतल्या दाटीत मोठा मॉनिटर मावत नव्हता आणि हेडफोनवर आवाजाचा नीट अंदाज येत नव्हता. हारवुड, व्हॉटन आणि मिल्स यांनी १९७६ साली त्याच्या रचनेचा अहवाल लिहिला. सुमारे ३० सेंटिमीटर उंच, १९ रुंद, १६ खोल. आत पाचेक लिटर हवा. खालच्या स्वरांसाठी केईएफ कंपनीचा पाच इंची वूफर आणि वरच्या स्वरांसाठी लहान घुमटाचा ट्वीटर. पातळ बर्च प्लायवुडच्या भिंती, आतून डांबरी पट्ट्यांनी जड केलेल्या, म्हणजे लाकडाचा स्वतःचा सूर आवाजात मिसळू नये. मोठा आवाज आणि तळातला खर्ज या दोन्हींवर त्या अभियंत्यांनी समजून-उमजून पाणी सोडलं, आणि त्या बदल्यात माणसाचा आवाज माणसासारखा यावा याची काळजी घेतली. पन्नास वर्षं होत आली तरी या पेटीची चाहत ओसरलेली नाही. याचं श्रेय तिच्या घटकांइतकंच, तिने स्वतःकडून काय मागायचं नाही हे आधी ठरवलं होतं, या गोष्टीला आहे.

त्याआधीही एक पायरी होती. १९५४ साली एडगर व्हिलचर यांच्या एआर-१ या स्पीकरने दाखवून दिलं, की पेटी हवाबंद केली तर आतली हवाच वूफरला स्प्रिंगसारखी सावरते, आणि तोपर्यंत कपाटाएवढ्या पेटीतून येणारा खर्ज फळीवर मावणाऱ्या पेटीतूनही येतो. किंमत मोजावी लागली ती जास्त विजेची. म्हणजे हॉफमनच्या नियमातल्या तिन्ही बाजू तेव्हाही होत्याच; व्हिलचरने फक्त सोडायची बाजू बदलली. घरात बसून संगीत ऐकण्याच्या इतिहासात प्रत्येक चांगली पेटी अशा एखाद्या त्यागाभोवती बांधलेली दिसते.

मग निवड करायची कशी? कानावर विश्वास ठेवावा, असं सगळे सांगतात. पण कान एकटा कधीच ऐकत नाही. त्याच्या शेजारी डोळे बसलेले असतात. कॅनडातल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हरमन कंपनीत फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून अनेक वर्षं श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. १९९४ साली शॉन ऑलिव्ह यांच्यासोबत त्यांनी जे मांडलं ते प्रत्येक खरेदीदाराने लक्षात ठेवण्याजोगं आहे. तेच श्रोते, तेच स्पीकर. पण पडदा काढून आकार, रूप आणि नाव दिसू लागलं की गुण बदलतात. पडद्याआड चांगला ठरलेला लहान, स्वस्त दिसणारा संच उघड्या डोळ्यांपुढे मागे पडला. याहून सूक्ष्म सापळा आवाजाच्या पातळीचा आहे. दोन पेट्यांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल, तर ती मोठी आहे असं न जाणवता ती स्वच्छ, भरदार, जिवंत आहे असं वाटतं. म्हणून तुलनेआधी दोन्हींची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवावी लागते. शिवाय आवाजाच्या बारकाव्यांची आठवण फार लवकर पुसट होते. सकाळी नागपुरात ऐकलेल्या पेटीची रात्री घरच्या पेटीशी केलेली तुलना ही मुख्यतः कल्पनेची तुलना असते.

यावर बीबीसीच्या अभियंत्यांचा एक मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ते मॉनिटर पारखताना बोलणं वापरत. ओळखीच्या माणसाला शेजारच्या खोलीत बोलायला बसवायचं, तोच आवाज स्पीकरमधून ऐकायचा आणि मग त्या माणसाला समक्ष ऐकायचं. गाण्याच्या ध्वनिमुद्रणात मूळ आवाज कसा होता हे आपल्याला माहीत नसतं. घरातल्या माणसाच्या आवाजाबद्दल मात्र कुणी आपल्याला फसवू शकत नाही. हे घरीही करता येतं. मोकळ्या अंगणात, भिंतींपासून दूर, घरच्या कुणाला तरी वर्तमानपत्राचा एक परिच्छेद वाचायला सांगून साध्या रेकॉर्डरवर तो घ्यावा आणि स्पीकरवर लावावा. ‘स’ आणि ‘श’ टोचतात का, ‘घ’ आणि ‘भ’ यांच्या मागची छाती ऐकू येते का, माणूस पेटीत कोंडल्यासारखा वाटतो का, एवढंच ऐकायचं. या परीक्षेत महागडे स्पीकर नापास होताना आणि साधे उत्तीर्ण होताना मी ऐकले आहेत.

दुसरी परीक्षा तंबोऱ्याची. आपल्या संगीतासाठी याहून चांगलं मोजमाप मला ठाऊक नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन कलकत्त्यात असताना भारतीय वाद्यांवर काम करत होते. १९२१ सालच्या निबंधात त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीचं रहस्य उलगडलं. एरवी तार जिथे छेडली जाते तिथे ज्या स्वरांशाचा स्थिरबिंदू असेल, तो स्वरांश त्या आवाजात उमटू नये असा नियम आहे. तंबोऱ्याच्या रुंद, वळणदार घोडीवर तार घासत राहते आणि हा नियम मोडतो. नको तिथेही स्वरांश उमलतात. ती जवारी म्हणजे एका तारेतून निघालेलं स्वरांचं झाड असतं. षड्जाच्या तारेतून पाचव्या स्वरांशाच्या रूपाने स्वयंभू गांधार येतो तो याच समृद्धीमुळे. लहान दुहेरी स्पीकरमध्ये वूफर आणि ट्वीटर यांच्या कामाची वाटणी साधारण २ ते ३ हजार हर्ट्झवर होते, आणि जवारीची चमक नेमकी त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असते. ही वाटणी करणारा क्रॉसओव्हर चांगला जुळलेला असेल तर तंबोरा एक राहतो. जुळलेला नसेल तर भोपळा खाली वाजतो आणि झंकार वर, वेगळा, काचेसारखा. दहा मिनिटं नुसता तंबोरा ऐकून स्पीकरविषयी जे कळतं ते तासभर वाद्यवृंद ऐकून कळत नाही.

तंबोऱ्यानेच लहान पेटीच्या खर्जाचा प्रश्नही समोर आणला. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्झवर असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झवर. पाच इंची वूफर तिथे पोहोचता पोहोचता थकलेला असतो. तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो. हा भास म्हणावा तर टेलिफोनकडे पाहावं. जुनी टेलिफोनची तार साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच वाहून नेई. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर १२० च्या आसपास, म्हणजे तो तारेत शिरतच नसे. तरीही वडिलांचा आवाज वडिलांचाच वाटे. वरच्या स्वरांशांमधल्या समान अंतरावरून श्रवणशक्ती हरवलेला पाया स्वतः रचते. आउगुस्ट झेबेक यांनी १८४० च्या दशकात सायरनवरच्या प्रयोगांतून याचा माग काढला होता आणि पुढे शंभर वर्षं त्यावर वाद चालला. मला यात फार मोठा अर्थ दिसतो. लहान पेटीचा खर्ज अर्धा पेटीत असतो, अर्धा ऐकणाऱ्यात. यंत्र जिथे थांबतं तिथून श्रोत्याचं काम सुरू होतं, आणि ते काम करायला त्याला लक्ष आणि स्वस्थता लागते. गोंगाटात वरचे नाजूक स्वरांशच झाकले जातात, मग पाया रचायचा कशावर?

इथून आपण खोलीकडे येतो. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाचं व्याख्यानगृह निकामी ठरलं होतं. बोललेला शब्द इतका वेळ घुमत राही की पुढचा शब्द त्यात बुडे. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर ते सुधारण्याचं काम सोपवण्यात आलं. त्यांच्याजवळ ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचं साधन आणि शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातून उचलून आणलेल्या खुर्च्यांच्या गाद्या होत्या. दिवसा रस्त्याचा आवाज, म्हणून मध्यरात्रीनंतर काम. गाद्या वाढवत जायच्या, नळी वाजवून थांबवायची आणि आवाज कानाला ऐकू येईनासा व्हायला किती वेळ लागतो ते टिपायचं. त्यातून खोलीच्या घुमण्याचा नियम निघाला, आणि त्यावरच १९०० साली बॉस्टनचा सिंफनी हॉल उभा राहिला. शोषणासाठी सॅबिननी निवडलेलं माप अतिशय सुंदर आहे: उघडी खिडकी. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषणाचं एक एकक. गादी, पडदा, माणूस, सगळं काही ‘किती फूट उघडी खिडकी’ या भाषेत मोजलं गेलं.

हा हिशोब घरच्या खोलीला लावून पाहावा. १४ बाय ११ फुटांची, दहा फूट उंचीची, गिलाव्याच्या भिंतींची आणि फरशीची रिकामी खोली घेतली तर तिचा घुमण्याचा काळ सव्वादोन सेकंदांच्या घरात जातो. अशा खोलीत जगातला कोणताही स्पीकर चिखल करील. चार फूट बाय चार फुटांची एक खिडकी उघडली की तोच काळ दीड सेकंदावर येतो. उरलेलं काम कापसाच्या गाद्या, जाड गोधड्या, भरलेलं पुस्तकांचं कपाट आणि चार माणसं करतात. निवांत ऐकण्याच्या खोलीला अर्ध्या सेकंदाच्या आत यायचं असतं. जुन्या कवेलूच्या घरांची गोष्ट आणखी चांगली. उतरतं छप्पर जमिनीला समांतर नसतं, त्यामुळे वरखाली फडफडणारा प्रतिध्वनी उठत नाही, आणि कवेलूंच्या फटींतून खालचे स्वर हळूच निसटून जातात. बंद सिमेंटच्या खोलीत कोपऱ्यात साचणारा खर्ज तिथे साचत नाही. ज्यांनी ती घरं बांधली त्यांच्या मनात पाऊस आणि ऊन होतं; आवाजाचं भलं आपोआप झालं.

खोलीला स्वतःचा सूरही असतो. दोन समोरासमोरच्या भिंतींत जो लांबट तरंग नेमका बसतो, तो ती खोली इतरांपेक्षा मोठा करून ऐकवते. १४ फुटांच्या लांबीत तो ४० हर्ट्झच्या आसपास, ११ फुटांच्या रुंदीत ५१ च्या. पण ही संख्या इथे वर्षभर एक राहत नाही. हवा तापली की ध्वनी वेगाने धावतो. थंडीच्या पहाटे १२ अंशांना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३३८ मीटर असतो, आणि तेंदूपत्त्याच्या हंगामातल्या ४५ अंशांच्या दुपारी सुमारे ३५८. एवढ्या फरकाने खोलीचा सूर जवळजवळ पांढरी एकवरून काळी एकवर सरकतो. तंबोरा पुन्हा जुळवता येतो. खोली जुळवता येत नाही. म्हणून मी म्हणतो, इथे स्पीकरची खरी परीक्षा एका बैठकीत होत नाही, ती सगळ्या ऋतूंतून जाते.

उन्हाळ्यात कूलर चालू असतो आणि तो बोलण्याएवढा आवाज सतत करत राहतो. त्याच्यापुढे कोणताही तंबोरा हरतो, म्हणून ऐकणं रात्री उशिरा, तेही लाइन असेल तर. पावसाळ्यात टिनाच्या पत्र्यावर सर आली की संगीत थांबवावं हे उत्तम. कवेलूवरचा पाऊस मऊ असतो, त्याच्यासोबत मंद्र सप्तकातला आलाप ऐकता येतो. पाऊस थांबला की बेडूक आणि रातकिडे. रातकिड्यांचा सूर बहुधा ३ हजार हर्ट्झच्या पुढे असतो, जिथे माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण आहे. जवारीचं वरचं टोक ते गिळून टाकतात. मग येते दिवाळीनंतरची थंडी. पंखा बंद, कूलर बंद, किडे गप्प, पानगळ अजून व्हायची. अहेरीत ऐकण्याचा हंगाम असेल तर तो हा.

ऋतूंचा मार पेटीवरही बसतो. वूफरच्या कडेला जी लवचीक किनार असते ती फोमची असेल, तर दमट हवेत तिचं रासायनिक विघटन होतं आणि काही वर्षांत ती बोट लावताच झडते. रबराची किनार टिकते. या भागात राहणाऱ्याने स्पीकर निवडताना बघायची ही पहिली गोष्ट. दुसरी, एमडीएफच्या उघड्या कडा. त्या ओल शोषून फुगतात. आलापल्लीच्या सागवनांशेजारी राहिलं की भरीव सागाची पेटी करून घ्यावी असा मोह कुणालाही होईल. तिथल्या ‘वनवैभव’ या जंगलातले जुने वृक्ष पाहिले की या लाकडाविषयी वेगळाच आदर वाटतो. पण भरीव लाकूड ऋतूगणिक आडव्या अंगाने फुगतं आणि आकसतं, सांधे हलतात, हवाबंद पेटी हवाबंद राहत नाही, आणि फळीचा स्वतःचा सूर गाण्यात शिरतो. म्हणून शहाण्या रचनाकारांनी आत प्लाय किंवा एमडीएफ आणि वर सागाचं पातळ आवरण घेतलं. सागाचं भरीव काम स्टँडला द्यावं. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाशी यावा इतकी उंची, पोकळ खांबात कोरडी वाळू. सुताराला हे समजावून सांगितलं की तो ते फार प्रेमाने करतो.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येतो, मोठ्या आवाजावाचून कसं चालतं. साध्या लहान स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो. दोन मीटरवर बसलं की सहा डेसिबल कमी, दोन स्पीकर म्हणून तीन अधिक, म्हणजे ८२. शांत रात्री खोलीची पार्श्वभूमी ३० डेसिबल धरली, तर सर्वांत नाजूक मींडेपासून सर्वांत जोरकस तानेपर्यंत ५२ डेसिबलचा पट एका वॅटमध्ये मोकळा आहे. हाच पट रस्त्यालगतच्या शहरी घरात, ५० डेसिबलच्या पार्श्वभूमीवर हवा असेल, तर आवाज २० डेसिबलने चढवावा लागतो. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट वीज. एका वॅटच्या जागी शंभर वॅट. आणि ते पेलायला मोठे वूफर, मोठी पेटी, मोठी खोली. अहेरीची शांतता ही अशी शंभरपट ताकदीचा ॲम्प्लिफायर आहे. ती पेटीत बसत नाही, तिला वीज लागत नाही, लाइन गेली तरी ती चालूच असते. लहान स्पीकर तिच्याच बळावर मोठा होतो.

म्हणून यंत्रणा सुधारायची तर पैशाचा क्रम उलटा लावावा असं माझं मत झालं आहे. आधी जागा बदलून पाहावी: भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, कोपऱ्यापासून लांब, दोन पेट्या आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण. याला काही खर्च नाही आणि याएवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. मग स्टँड, गाद्या, कपाट. मग विजेच्या चढउतारात टिकणारा साधा, प्रामाणिक ॲम्प्लिफायर. महागड्या तारांचा विचारच नको: दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार तीन मीटर नेली तर जाऊन-येऊन तिचा रोध ०.०७ ओहमच्या आसपास भरतो, आणि स्पीकर स्वतः आठ ओहमचा. एवढं सगळं झाल्यावर, आणि एक थंडी व एक पावसाळा ऐकून झाल्यावर, पेटी बदलावीशी वाटली तर बदलावी. बहुतेकदा तोवर लक्षात येतं की उणीव पेटीची नव्हती.

तरी एक उणीव कधीच भरून निघत नाही, आणि ती निघू नये. अहेरीच्या दसऱ्याला ढोल वाजतात. जंगलातल्या गावांमध्ये रात्रीच्या फेरात रेला गाण्यांसोबत ढोल घुमतो. सव्वा फूट व्यासाचं ढोलाचं तोंड धरलं तर त्याचं क्षेत्रफळ पाच इंची वूफरच्या कामाच्या पडद्याच्या सुमारे तेरापट होतं. साठ हर्ट्झचा तरंग पावणेसहा मीटर लांब असतो. तो अंगावर येतो, छातीत शिरतो, नाचणाऱ्यांच्या पायांतून जमिनीत जातो. हे घरात आणायचं म्हणून लोक सबवूफर घेतात. मला ते पटत नाही. ढोल हा एका खोलीतल्या एका माणसासाठी वाजतच नाही. तो गावासाठी, मैदानात, फेरात हात धरलेल्या माणसांसाठी वाजतो, आणि त्याचा आवाज जितका दूरवर पोहोचतो ते दूरपणही त्या संगीताचा भाग आहे. ख्याल आणि ठुमरी बैठकीच्या संगीताच्या जाती. चार भिंती त्यांचं घर आहे. लहान पेटी बैठकीला पुरते. जे मैदानाचं आहे त्याच्यासाठी उठून मैदानात जावं. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला पाठवली गेली. ती तीन-साडेतीन मिनिटं आज दोन लहान पेट्यांतून पुरेपूर उभी राहतात. ढोलाचं तसं होत नाही, आणि यात दोघांपैकी कुणाचाही कमीपणा नाही.

या शांततेला कायमची ठेव समजून चालत नाही. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या पहाडावरून लोहखनिज घेऊन जाणारे जड ट्रक आता आलापल्लीच्या बाजूच्या रस्त्यांवरून जातात. त्यांची घरघर खालच्या स्वरांत असते, आणि खालचा आवाज वरच्या आवाजांना झाकतो, हा श्रवणाचा नियम आहे. उद्या ३० डेसिबलची रात्र ४० ची झाली, तर माझ्या दोन पेट्यांना तोच पट मिळवायला दहापट वीज लागेल. पण माझं नुकसान त्यात सर्वांत लहान. रात्री घुबडाची हाक ओळखणारा, पानांच्या सळसळीवरून जनावर कुठे आहे हे सांगणारा कान या भागात पिढ्यान्‌पिढ्या तयार झाला आहे. तो कान याच शांततेवर वाढला आहे, आणि त्याची भरपाई कोणत्याही दुकानात मिळत नाही.

शेवटी सॅबिनच्या मापाकडे पुन्हा पाहायला हवं, कारण त्यात एक गोष्ट राहून गेली आहे. उघडी खिडकी आवाज शोषते असं आपण म्हणतो ते खोलीच्या बाजूने. खिडकीपलीकडे उभ्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर ती काहीच शोषत नाही, सगळं बाहेर देते. माझ्या खोलीचा घुमारा जितका कमी होतो तितका शेजारच्या अंगणात वाढतो. म्हणजे चांगल्या खोलीचा हिशोब एकट्याच्या कानाने पुरा होत नाही. मोठ्या पेटीचा मालक खिडकी लावून घेतो, नाहीतर शेजाऱ्याची रात्र वापरतो. लहान पेटीचा मालक खिडकी उघडी ठेवून बसू शकतो आणि तरीही त्याचं गाणं त्याच्या उंबऱ्यापाशी संपतं. माझ्या मते बुकशेल्फ स्पीकरची खरी पात्रता ही आहे, आणि ती कोणत्याही तक्त्यात छापलेली नसते. ज्या शांततेने माझं ऐकणं शंभरपट मोठं केलं, ती मी एकट्याने निर्माण केलेली नाही. सगळ्या गावाची ती आहे. तिच्यातून जेवढं घेतलं तेवढंच घेऊन बाकीची जशीच्या तशी ठेवता आली पाहिजे. स्पीकर सुधारण्याचा अर्थ माझ्यापुरता एवढाच उरला आहे: आणखी आवाज मिळवण्याआधी, आहे त्या आवाजाला पुरेल इतकी शांतता राखायची, आपल्या घरात आणि घराबाहेरही.